डायरेक्टरसाहेबांचं ध्वनिमुद्रण

मी घाबरट माणूस नाही. गॅस बंद केलाय का ते मी तीनदा बघतो, कुलूप लावल्यावर ते ओढून बघतो, आणि ओढल्यामुळे ते निघालं तर नाही ना म्हणून पुन्हा ओढतो, एवढंच. माझी बायको राजवंती याला रोग म्हणते. मी जबाबदारी म्हणतो. पारामारिबो या आमच्या राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत बावीस वर्षं मी जन्मदाखल्यांच्या खिडकीवर बसतोय. एका अक्षराच्या चुकीने माणूस भलत्याच बापाचा होतो, हे ज्याने रोज पाहिलंय तो बेफिकीर राहणार तरी कसा?

तर त्या रविवारी डायरेक्टर एकोणीसवर थांबला आणि मी फळ्यावरच्या रेघा तीनदा मोजून बघितल्या.

डायरेक्टर म्हणजे आमचा पिकोलेट. मुठीएवढा पक्षी, पाठ काळी, पोट तांबूस, चोच पोपटासारखी जाड आणि स्वभाव वरिष्ठ अधिकाऱ्याचा. रविवारी सकाळी निम्मं शहर पिंजरे घेऊन राष्ट्रपती भवनासमोरच्या हिरवळीवर जमतं. दोन पिंजरे समोरासमोर खांबांना टांगायचे, पंचाने फळ्यावर खडूने रेघा ओढायच्या, आणि ठरल्या वेळात ज्याचा पक्षी जास्त वेळा गाईल तो जिंकला. पूर्वी आमचे डायरेक्टरसाहेब चाळीसच्या खाली उतरत नसत. हे नाव माझ्या बाबांनी ठेवलेलं. "आपल्या घराण्यात डायरेक्टर कुणी होईलसं दिसत नाही, तेव्हा हाच," असं ते म्हणाले होते, आणि म्हणताना माझ्याकडे बघत होते.

बाबांनी त्याला सारामाक्का नदीकडचं जुनं गाणं शिकवलं होतं. वर्षभर रोज सकाळी पिंजऱ्यासमोर बसून शिट्टी घालायचे. त्या गाण्यात शेवटी तीन सूर पायऱ्यांसारखे खाली उतरतात आणि चौथा एकदम वर जातो. हल्ली आकडा वाढावा म्हणून लोकांनी गाणी तोडून आखूड केली आहेत, तो चौथा सूर आता कुणाचाच पक्षी घेत नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते गाणं उभ्या शहरात एका डायरेक्टरपाशी उरलं होतं, आणि डायरेक्टर चौदा वर्षांचा होता.

"म्हातारा संपला रे, सूर्ज," ओम हेस्डी म्हणाले. हे आमचे शेजारी; ओम म्हणजे आमच्याकडे काका. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांना सल्ला देणं हीच त्यांची नोकरी आहे. "आता त्याची पिसं झडतील. ह्या वयात पिसं झडली की पक्षी गाणं सोडून बसतो. परत उठेलच असं नाही. तुझा धाकटा पिकोलेट किती महिन्यांचा?"

"सात."

"मग त्याच्या कानावर आत्ताच पडायला हवं. वर्षाच्या आत जे ऐकलं ते त्याचं, पुढे देवही शिकवू शकत नाही."

"पण ओम, दोघांना एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात ठेवलं तर डायरेक्टर गाणं सोडून भांडायला उठतो. धाकटा दबून मुका होईल."

"म्हणूनच सांगतोय, रेकॉर्ड करून ठेव. यंत्रावरून ऐकव. त्यात काय मोठं?"

'त्यात काय मोठं' हे शब्द ज्याने शोधून काढले त्याचा जन्मदाखला मी जन्मात दिला नसता.

आधी फोनवर प्रयत्न केला. पिंजऱ्याजवळ फोन ठेवला, डायरेक्टर गायला, संध्याकाळी ऐकलं. त्यात समोरचा कुत्रा होता, पाववाल्याच्या गाडीचा भोंगा होता, आणि कुंपणापलीकडून ओम हेस्डी "अकरा, बारा, तेरा" मोजत होते. पक्षी तेवढा नव्हता. मोजण्याबद्दल ओमना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडच्या पुरुषाच्या कानावर पिकोलेटचा सूर पडला की तोंड आपोआप मोजायला लागतं. बाबांच्या अंत्यविधीला पंडितजींचे मंत्र चालू असताना मी स्वतः बाहेरच्या झाडावरच्या पक्ष्याचे सत्तावीस मोजले होते. पण पक्षी गेला कुठे?

"फोनला माणसाचं बोलणं हवं असतं, दादा," कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्त करणारा सागिमिन म्हणाला. "बाकी सगळा त्याला गोंगाट. तो पक्षी पुसतो आणि कुत्रा ठेवतो."

"कुत्रा का ठेवतो?"

"ते त्यालाच ठाऊक. तुम्ही माझ्याकडचा कॅसेटचा घेऊन जा. पट्टा नवा टाकून देतो. लोखंडासारखा आहे."

तो खरोखरच लोखंडासारखा होता. वजनानेही आणि आवाजानेही. त्यावर डायरेक्टर गायला तर आगगाडीत बसून गातोय असं वाटलं. ओम हेस्डींनी तो ऐकून निकाल दिला की यंत्र चांगलं घे, मोठं घे, आणि आवाज गोळा करायला त्याला कढईएवढी तबकडी लाव. मी म्हटलं, अशा घाईने घराण्याचं गाणं पणाला लावायचं नाही. अभ्यास करायचा.

तो अभ्यास मी इंटरनेटवर केला आणि तिथून माझी झोप उडाली. जगात पक्ष्यांचे आवाज टिपणारे हजारो लोक आहेत आणि त्यातले कोणतेही दोन एकमेकांशी सहमत नाहीत. एक म्हणे स्टिरिओच हवं, दुसरा म्हणे स्टिरिओ घेणारे मूर्ख. एका इंग्रज सद्गृहस्थाने लिहिलं होतं की प्रत्येक यंत्राची स्वतःची एक सरसर असते, ती कमीत कमी असावी. हे वाचल्यापासून मला सगळीकडे सरसर ऐकू यायला लागली. फ्रिजची, पंख्याची, कचेरीतल्या साहेबांच्या श्वासाची. मी अकरा यंत्रांचा तक्ता केला. सरसर, वजन, बॅटरी, आमच्या दमट हवेत टिकेल का, वाऱ्याचा बंदोबस्त, मेमरी कार्ड, असे चौदा रकाने आणि शेवटी 'शेरा'. कचेरीच्या सवयीने तीन प्रती काढल्या. यात तीन आठवडे गेले, आणि रोज संध्याकाळी मी पिंजऱ्याच्या तळाशी पीस पडलंय का ते विजेरी लावून बघत होतो.

"लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली होती का हो?" राजवंतीने तक्ता बघत विचारलं.

"तेव्हा पर्याय कमी होते," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. पुढचे दोन दिवस ताटात रोटी आली, पण तिच्याबरोबर शब्द आला नाही.

अखेर यंत्र ठरलं. खिशात मावेल एवढं, वर दोन माइक खेकड्याच्या नांग्यांसारखे. ते आमच्याकडे मिळत नव्हतं, म्हणून माझा मेहुणा जगदेव याने हेगहून पाठवायचं ठरलं. चीजपासून मोज्यांपर्यंत आमच्या घरातलं सगळं जगदेवच्या खोक्यांतूनच येतं. आठ दिवसांत खोकं विमानतळावर उतरलं. जगदेवचा निरोप आला, "भाऊजी, माझ्यातर्फे एक भेटही टाकलीय. वाऱ्याला लागतेच."

ती भेट म्हणजे माइकवर चढवायची राखाडी केसाळ टोपी. जकातीच्या टेबलावर ती निघाली आणि टेबलामागच्या बाईंनी हात मागे घेतला.

"हे काय?"

"टोपी."

"कुणाची?"

"माइकची."

"कातडं कोणत्या प्राण्याचं?"

"कोणत्याच नाही. नकली केस आहेत."

"लेखी आहे?" त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुम्ही जन्मदाखल्यांच्या खिडकीवर असता ना? माझ्या मुलीच्या दाखल्यासाठी तुम्ही मला चार वेळा परत पाठवलं होतं. शिक्का फिकट आहे म्हणून."

इथे कुणीही शहाणा माणूस हसून वेळ मारून नेईल. पण तत्त्व ते तत्त्व. "फिकट होता," मी म्हणालो.

"असेल. प्राणिज वस्तूला पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं. शिक्का ठळक आणा."

"मग टोपी ठेवून घ्या, यंत्र द्या."

"एक खोकं, एक फॉर्म. अर्धा फॉर्म सुटत नाही."

खरं सांगायचं तर नियम ऐकून क्षणभर बरं वाटलं. असा नियम मीच केला असता. मग आठवलं की आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत.

टोपीचा फोटो घेऊन मी सरकारी पशुवैद्याकडे गेलो. फोटो चालत नव्हता, म्हणून टोपी सीलबंद पिशवीतून शिपायाबरोबर आणवली. डॉक्टर पिशवीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मी प्राण्यांची प्रमाणपत्रं देतो. हा प्राणी नाही."

"तेवढंच लिहून द्या, डॉक्टर."

"जे प्राणी नाही त्यावर लिहायचा मला अधिकार नाही."

"मग हा प्राणी आहे असं लिहा."

"खोटं लिहू?"

मी चार दिवस रजा टाकून त्यांच्या दारात बसलो. माझ्या एका बाजूला बकरी, दुसऱ्या बाजूला एक आजारी कासव, आणि मांडीवर टोपी. येणारेजाणारे 'बिचारं, कशाने गेलं?' असं हळहळून विचारायचे. पाचव्या दिवशी डॉक्टरांनाच माझी दया आली आणि त्यांनी लिहून दिलं: 'वस्तू तपासली. जिवंत असल्याची अथवा पूर्वी कधी असल्याची लक्षणे आढळली नाहीत.' खाली शिक्का, ठळक. जकातीच्या बाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि अकराव्या दिवशी खोकं सोडलं.

मी घरी आलो, धावत व्हरांड्यात गेलो, यंत्र पिंजऱ्यासमोर टांगलं आणि टोपी चढवली. डायरेक्टरने ती बघितली, मांजर आलं असं समजून तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन चिकटला, आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही. अकरा दिवसांची टोपी पहिल्याच मिनिटाला काढावी लागली. वाऱ्यासाठी मी स्वतः छत्री धरून उभा राहायचं ठरवलं.

सोमवारपासून रोज सकाळी सहा ते पावणेसात हा कार्यक्रम सुरू झाला. मी बटण दाबायचो, तांबडा दिवा लुकलुकायला लागायचा, म्हणजे काम चालू. मग मी छत्री धरून, श्वास रोखून उभा. कचेरीला निघताना तेच बटण परत दाबायचं. लुकलुक थांबून दिवा शांत, स्थिर व्हायचा. आमचा टीव्ही बंद असला की त्याचाही दिवा असाच शांत जळतो. संध्याकाळी येऊन बघावं तर बॅटऱ्या मेलेल्या. रोज नव्या घालाव्या लागत. जगदेव म्हणाला, बॅटऱ्या भिकार असणार. ओम म्हणाले, दुकान बदल. मी दुकान बदललं. काय टिपलं गेलंय ते मात्र मी ऐकलं नाही, कारण ऐकताना चुकून पुसलं जाईल ही धास्ती होती. शिवाय प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय फाईल उघडू नये, हा माझा नियम आहे.

पण फाईलमध्ये होतं काय? चार दिवस डायरेक्टर गायलाच नाही. तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायचो. मी कुजबुजायचो, "गा रे राजा, वेळ नाही रे." तो दाणा फोडायचा. मला जेवण जाईना. माझ्या हलगर्जीपणाने बाबांचं गाणं जाणार, एवढा एकच विचार डोक्यात होता. माणूस गेला ते आपल्या हातात नव्हतं, पण हे तर आपल्याच हातात आहे ना, असं वाटायचं आणि मी उठून परत पिंजरा बघून यायचो.

शुक्रवारी सकाळी तो गायला. सव्वीस वेळा. तोंडून आकडा निघू नये म्हणून मी स्वतःचं बोट चावून धरलं होतं. तीन सूर खाली, चौथा वर, सगळं अगदी जसंच्या तसं. मी बटण दाबलं, दिवा शांत झाला, आणि मी तरंगत कचेरीत गेलो. त्या दिवशी एका इसमाला मी फिकट शिक्क्यावर दाखला दिला. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी माझी तब्येत विचारली.

संध्याकाळी पिंजऱ्याच्या तळाशी तीन काळी पिसं पडलेली होती.

शनिवारी डायरेक्टर फुगून बसला होता. ओम हेस्डींनी कुंपणावरून मान हलवली. "झालं. बसला."

"बसू दे," मी म्हणालो. "माझ्याकडे आहे."

सागिमिनच्या दुकानात चांगला स्पीकर आहे, म्हणून यंत्र घेऊन तिथे गेलो. ओम न बोलावता आले. सागिमिनने तार जोडली. आधी दार आपटल्याचा आवाज आला, मग भांडी वाजली, आणि मग राजवंतीचा आवाज भर दुकानात घुमला: "गेले एकदाचे!"

सागिमिनने पुढची फाईल लावली. दार, भांडी, "छत्री विसरले, बरं झालं." त्याने यंत्र हातात घेतलं, बटण दाबलं, दिव्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "दादा, ते एकदा दाबलं की नुसतं तयार होतं. लुकलुकतं म्हणजे वाट बघतंय. दुसऱ्यांदा दाबलं की खरं सुरू होतं."

म्हणजे छत्री धरून उभा असेपर्यंत यंत्र वाट बघत होतं, आणि मी पाठ फिरवली की बॅटरी मरेपर्यंत इमानेइतबारे टिपत होतं. शुक्रवारचे सव्वीस कुठेच नव्हते. मी सागिमिनच्या स्टुलावर बसलो, तर ते एक पाय मोडलेलं निघालं.

"चालू दे की पुढचं," ओम हेस्डी स्पीकरकडे सरकत म्हणाले. "बायका माघारी काय बोलतात कळेल तरी."

मी तार उपटली आणि घरी आलो. राजवंती मागे कपडे वाळत घालत होती. मी व्हरांड्यात बसून कानाला हेडफोन लावले. का लावले, सांगता येणार नाही. मेलेल्या माणसाच्या खिशातल्या चिठ्ठ्या आपण वाचतो, तसंच काहीतरी. सोमवारच्या फाईलमध्ये ओम हेस्डी कॉफी प्यायला आले होते आणि म्हणत होते, "सूर्ज समोर उभा राहिला तर मलासुद्धा गाता येणार नाही, त्या पक्ष्याचं काय घेऊन बसलीस!" आणि माझी धर्मपत्नी हसत होती. मग ओम गेले, कप विसळल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

आणि मग बाबांची शिट्टी वाजली.

मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. परत लावले. तीच शिट्टी, तीच लकब, चौथ्या सुराआधी घेतलेला तोच अर्धा श्वास. मग राजवंतीचा आवाज, अगदी जवळून: "चल रे डायरेक्टर, साहेब गेले. आता मोकळेपणी गा." पुन्हा शिट्टी. आणि डायरेक्टर गायला. एकदा, दोनदा, दहादा, शर्यत नसलेल्या पक्ष्यासारखा निवांत. मंगळवारी गायला, बुधवारी गायला. पाचही दिवस गायला.

राजवंती रिकामी बादली घेऊन आत आली आणि माझ्याकडे बघून थांबली.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने बादली खाली ठेवली. "बाबांना झटका आला तेव्हापासून. ओठ वाकडे झाले, शिट्टी येईना. हा मुका बसला. बाबा म्हणाले, सूनबाई, तू घाल. चार महिने शिकवलं मला. चुकले की काठी आपटायचे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं होतं, नको म्हणून." ती जरा अडखळली. "म्हणाले, सूर्जला कळलं तर तो रोज तपासायला बसेल."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मुलगा मी, आणि गाणं दिलं सुनेला. काहीतरी सणसणीत बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात चौदा रकान्यांचा तक्ता टेबलावर दिसला आणि तोंड मिटलं.

"मग धाकटा?"

"त्यालाही शिकवते. तुम्ही गेलात की मागच्या खोलीचं दार लावून घेते, म्हणजे डायरेक्टरला ऐकू जात नाही. महिना झाला."

"महिना! आणि मी त्या डॉक्टरच्या दारात बकरीशेजारी बसलो होतो, तेव्हा तू मला एक शब्द—"

"तुम्ही इतके गुंतला होतात," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून तुम्ही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. ह्या यंत्राच्या निमित्ताने रोज घेत होता. म्हटलं, चालू दे."

आम्ही मागच्या खोलीत गेलो. धाकटा दांडीवर अंग चोरून बसला होता.

"घाल," मी म्हणालो.

तिने ओठ मुडपले, फुंकर निघाली, आणि तिला हसू आलं. परत प्रयत्न केला, परत हसू आलं. "तुम्ही असं परीक्षकासारखं बघत राहिलात तर माझंही डायरेक्टरसारखं होतं. तिकडे तोंड करा बघू."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बावीस वर्षांचा सरकारी नोकर, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मागे शिट्टी वाजली, आणि ह्या वेळी ती यंत्रातली नव्हती. बाबा पिंजऱ्यासमोर बसलेत, पायात एकच चप्पल आहे, दुसरी कुठे गेली म्हणून आई ओरडतेय, असं सगळं एकदम त्या चुन्याच्या भिंतीवर आलं. धाकटा गप्प होता. तिने पुन्हा घातली. मग दांडी किंचित करकरली आणि एक कोवळा, घोगरा आवाज चाचरत तीन सूर खाली उतरला, तिथे अडखळला, मागे फिरला, आणि दुसऱ्या खेपेला वर गेला.

माझे डोळे वाहायला लागले, नाकही वाहायला लागलं. हात हलवून पक्ष्याला बुजवायची माझी छाती नव्हती, म्हणून मी ते हळूच वर ओढलं.

"अहो, नाक ओढू नका," राजवंती पाठीमागून कुजबुजली. "तो तेही उचलेल."